पन्नाशीतले शरीर आणि कंपनाचा व्यायाम

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील तिसरे पुष्प. वक्ते मंडळाचे ज्येष्ठ सभासद असून खाण-विभागातून वैद्यकीय अधिकारी म्हणून निवृत्त झाले आहेत.)



आपल्या मंडळाला यंदा पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. या सभागृहात बसलेल्या आपणांपैकी बहुतेकांनी पन्नाशी ओलांडली आहे किंवा ती त्यांच्या उंबरठ्याशी येऊन उभी आहे. संस्थेची पन्नाशी साजरी करावयाची असते. शरीराची पन्नाशी सांभाळावयाची असते. आजचा विषय या दुसऱ्या पन्नाशीचा आहे.

विषयाचे निमित्त आपणांस ठाऊकच आहे. आपल्या एका उदार सभासदाने मंडळाच्या व्यायामकक्षासाठी कंपनफलक देणगीदाखल देऊ केला आहे. त्यावरून कार्यकारिणीत दोन तट पडले. एका पक्षाचे म्हणणे असे की, या यंत्रावर दहा मिनिटे नुसते उभे राहिले तरी तासाभराच्या व्यायामाचे फळ मिळते. दुसरा पक्ष म्हणतो, हे निव्वळ थोतांड आहे. चिटणीसांनी मला विनंती केली की, डॉक्टरसाहेब, आपणच काय तो निवाडा करा. निवाडा करण्याचा अधिकार माझा नाही. तथापि या विषयाशी माझा दुहेरी संबंध आला आहे, एकदा खाणीत आणि एकदा घरात. म्हणून हे धाडस करीत आहे.

प्रथम यंत्राविषयी. रेल्वे स्टेशनवरच्या जुन्या वजनकाट्याची ज्यांना आठवण असेल, त्यांनी तसाच एक चौथरा डोळ्यांपुढे आणावा. त्याच्या पोटात विजेवर चालणारी मोटर असते. ती चौथऱ्याला सेकंदाला साधारणतः २० ते ५० वेळा, काही मिलिमीटर इतके हलविते. काही यंत्रांत सबंध फलक सरळ वरखाली होतो. काहींत तो मुलांच्या सी-सॉसारखा आळीपाळीने डावीउजवीकडे झुकतो. माणसाने त्यावर गुडघे किंचित वाकवून उभे राहावयाचे, अथवा तेथेच बैठका मारावयाच्या. एका बैठकीला दहा ते वीस मिनिटे, तीही मध्ये विश्रांती घेत. यालाच सर्वांगकंपनाचा व्यायाम म्हणतात.

आता खाणीतला संबंध सांगतो. दामोदर नदीच्या या खोऱ्यात मी तीस वर्षांहून अधिक काळ खाणकामगारांची प्रकृती पाहिली. उघड्या खाणींतून अवजड डंपर चालविणारे चालक माझ्याकडे येत. चाळिशीही न गाठलेली ही धट्टीकट्टी माणसे कंबरेवर हात ठेवून खुर्चीत बसत. त्यांतल्या एकाने मला सांगितले होते, “डाक्टर साहब, रात को खाट पर लेटता हूँ, तब भी कमर में गाड़ी चलती रहती है.” वैद्यकाच्या कोणत्याही ग्रंथात मला या दुखण्याचे याहून अचूक वर्णन आढळले नाही.

याचे कारण असे की, प्रत्येक वस्तूप्रमाणे आपल्या कण्यालाही स्वतःची एक लय असते. माणूस बसलेला असताना आसनाखालून सेकंदाला चार ते सहाच्या आसपास कंपने आली, तर ती कण्याच्या या लयीशी जुळतात व त्यांचा जोर कमी होण्याऐवजी वाढतो. पदार्थविज्ञानात याला अनुनाद म्हणतात. खडबडीत रस्त्यावरील डंपर आणि शेतातील ट्रॅक्टर नेमकी याच घरातली कंपने निर्माण करतात. वर्षानुवर्षे, दिवसाचे आठ-आठ तास ती सोसल्यावर मणक्यांमधील चकत्यांनी तक्रार करावी यात नवल नाही. म्हणूनच सर्वांगकंपन मोजण्याचे आंतरराष्ट्रीय मानक १९७४ साली तयार झाले. पुढे २००२ साली युरोपीय संघाने कामगारांसाठी मर्यादा घालून दिली. आठ तासांच्या कामात सरासरी ०.५ मीटर प्रतिसेकंदवर्ग इतके कंपन झाले की मालकाने उपाय योजावेत, आणि १.१५ च्या वर ते कदापि जाऊ देऊ नये.

ज्या कंपनापासून माणसांना वाचविण्यात माझी उमेद खर्ची पडली, तेच कंपन आता आरोग्यासाठी विकले जात आहे, हे प्रथम ऐकले तेव्हा मला हसू आले. पण विष आणि औषध यांतील भेद पुष्कळदा मात्रेचाच असतो, हे वैद्याने विसरून चालत नाही. म्हणून मी वाचावयास बसलो.

वाचता वाचता कळले की ही कल्पना नवी नाही. स्वीडनमधील डॉक्टर गुस्ताव झांडर यांनी १८६५ साली स्टॉकहोम येथे यंत्रांनी व्यायाम देणारी संस्था काढली. त्यांच्या यंत्रांत अंगाला हादरे देणारी यंत्रेही होती. १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिक जहाजाच्या व्यायामशाळेत विजेवर हलणारा उंट होता. तोही याच परंपरेतला. मात्र सर्वांत बोधप्रद कथा आहे ती पॅरिसच्या शार्को यांची. मज्जासंस्थेच्या विकारांचे हे जगद्विख्यात वैद्य. कंपवाताचे रोगी त्यांना सांगत की, आगगाडीचा किंवा घोडागाडीचा लांबचा प्रवास केला म्हणजे बरे वाटते. आपणांपैकी जे धनबादहून मुंबई मेलने दीड दिवसाचा प्रवास करून घरी जातात, त्यांना प्रवासानंतर बरे वाटते ते बहुधा घर आल्यामुळे! शार्कोंनी मात्र रोग्यांचे म्हणणे मनावर घेतले आणि १८९२ च्या सुमारास गाडीसारखी हलणारी खुर्ची बनवून घेतली. रोग्यांना गुणही आला. पुढच्याच वर्षी शार्को वारले व खुर्ची मागे पडली. अखेर २०१२ साली अमेरिकेतील डॉक्टरांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कंपवाताच्या रोग्यांचे दोन गट करून दोघांनाही खुर्चीत बसविण्यात आले. एका गटाची खुर्ची हलत होती, दुसऱ्याची नव्हती. सुधारणा दोन्ही गटांत दिसली, आणि जवळजवळ सारखीच! कोणीतरी आपली विचारपूस करतो, नेमाने बोलावतो आणि शांत बसवितो, यातही काही औषध असते. ही गोष्ट कृपया लक्षात असू द्या. शेवटी मी तिच्याकडे परत येणार आहे.

यानंतर व्याख्यानाला रंग भरला तो अंतराळवीरांनी. पृथ्वीचे ओढणे नाहीसे झाले की हाडांना आपले काम उरले नाही असे वाटते आणि ती झिजू लागतात. कंबर व मांडी यांच्या हाडांतून दर महिन्याला सुमारे एक ते दीड टक्का वस्तुमान कमी होते. यावर उपाय शोधताना कंपनाकडे पुन्हा लक्ष गेले. १९८० च्या दशकात सोव्हिएत संघात नाझारोव्ह यांनी कसरतपटूंच्या स्नायूंवर कंपनाचे प्रयोग केले. १९९० च्या दशकाअखेर इटलीच्या बोस्को यांनी खेळाडूंवर फलकाचे प्रयोग प्रसिद्ध केले, आणि तेथून हे यंत्र व्यायामशाळांत शिरले.

फलकावर शरीरात होते तरी काय? आपल्या स्नायूंत चातीच्या आकाराची सूक्ष्म संवेदके असतात. स्नायू अचानक ताणला गेला की ती मज्जारज्जूला वर्दी देतात आणि मेंदूला न विचारता स्नायू आकुंचन पावतो. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात आणि पाय उडतो, तीच ही प्रतिक्षिप्त क्रिया. फलक सेकंदाला तीस वेळा हलला म्हणजे जणू तितक्या वेळा ही हातोडी पडते. म्हणून नुसते उभे राहिले तरी पोटऱ्या आणि मांड्या काम करू लागतात.

दुसरी गोष्ट गणिताची. फलक सेकंदाला ३० वेळा आणि मधल्या बिंदूपासून दोन्हीकडे दोन-दोन मिलिमीटर हलत असेल, तर त्याचे कमाल त्वरण पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाच्या सुमारे सातपट होते. कंपनसंख्या दुप्पट केली की त्वरण चौपट होते. हा जोर पायांनी पेलावयाचा असतो. गुडघे वाकलेले असतील तर घोटे, गुडघे आणि मांड्या मोटारीच्या स्प्रिंगप्रमाणे तो जिरवितात. गुडघे ताठ ठेवून उभे राहणाऱ्याच्या मात्र डोक्यापर्यंत हादरे पोहोचतात, आणि तो माझ्या डंपरचालकाच्या पंगतीला जाऊन बसतो. सगळी यंत्रे इतकी जोरदार नसतात. काही वैद्यकीय फलकांचे त्वरण गुरुत्वाच्या अवघे तीन दशांश असते; उभ्या माणसाला ते जेमतेम जाणवते. तेव्हा ‘कंपनफलक’ या एका नावाखाली दोन निराळ्या जाती नांदतात, हे खरेदी करणाऱ्याने ओळखावे.

आता मुख्य प्रश्न: याने गुण येतो काय?

हाडांविषयी आशा निर्माण झाली ती मेंढ्यांमुळे. अमेरिकेतील रुबिन यांनी २००१ साली प्रसिद्ध केले की, वर्षभर रोज २० मिनिटे अशा मंद फलकावर मागचे पाय ठेवलेल्या मेंढ्यांच्या मांडीच्या हाडातील जाळीदार भाग सुमारे ३४ टक्क्यांनी अधिक घन झाला. जगभर टाळ्या पडल्या. परंतु मेंढी ती मेंढी आणि माणूस तो माणूस. बेल्जियममधील लूव्हेन येथे २००४ साली रजोनिवृत्त स्त्रियांवर सहा महिने जोरदार फलकाचा प्रयोग झाला, त्यात कमरेच्या हाडाची घनता एक टक्क्याहूनही किंचित कमी वाढली. टोरांटो येथे २०२ स्त्रियांनी भाग घेतलेल्या प्रयोगात मंद फलकाचा वर्षभर वापर होऊनही हाडांना काही लाभ दिसला नाही. तो निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. तात्पर्य, हाडे बळकट होतील या आशेवर कोणी आपल्या गोळ्या बंद करू नयेत.

स्नायूंची हकीकत अधिक आशादायक आहे. लूव्हेन येथेच ५८ वर्षांपुढील स्त्रियांवर २४ आठवड्यांचा प्रयोग झाला. फलकावर बैठका घेणाऱ्यांच्या मांड्यांची ताकद सुमारे १५ टक्के वाढली. मात्र वजने उचलून रीतसर व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटाची ताकदही तितकीच वाढली. म्हणजे फलक व्यायामाच्या बरोबरीचा ठरला, पण त्याहून वरचढ ठरला नाही.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो हाँगकाँगचा २०१४ सालचा अहवाल. साठीपुढच्या ७१० स्त्रियांची दीड वर्ष पाहणी केली. फलकावर रोज २० मिनिटे उभ्या राहणाऱ्यांत पडण्याच्या वा हाड मोडण्याच्या घटना १८.६ टक्के स्त्रियांत झाल्या, इतरांत २८.७ टक्के. हाडांच्या घनतेत लक्षणीय फरक नव्हता. हाडे तीच, पण तोल सुधारला आणि पडणे कमी झाले!

राहिले पोट. या यंत्राने चरबी वितळते असे छापील पत्रकात म्हटले आहे. बंधुभगिनींनो, १९५० च्या दशकात कंबरेला पट्टा गुंडाळून पोट थरथरविणारी यंत्रेही हेच वचन देत होती. चरबी हलविल्याने जात नाही. ती खर्ची घालावी लागते. फलकावर उभे राहून होणारा खर्च फार तर बेताच्या चालीने फिरण्याएवढा असतो.

येथे मला घरातला संबंध सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात माझी पत्नी न्हाणीघरात घसरली आणि तिचे डावे मनगट मोडले. वय त्रेपन्न. तपासणीत हाडे वयाच्या मानाने विरळ निघाली. गुडघे दुखत असल्याने तिचे फिरणे आधीच सुटले होते. आम्ही दोघेच घरी. मुलगा बंगलोरला, मुलगी परदेशात. त्या दिवशी मी घरी होतो म्हणून निभावले. पुढे कित्येक रात्री माझ्या मनात एकच विचार येई: मी नसतो तर? दुसऱ्यांच्या कंबरा तपासणाऱ्या या डॉक्टरने आपल्या घरातल्या माणसाचे पाय कधी तपासले नव्हते, याची मला मनापासून लाज वाटली.

शहरातील एका फिजिओथेरपिस्टकडे फलक होता. मनातली शंका बाजूला ठेवून मी पत्नीला तेथे नेऊ लागलो. आठवड्यातून तीन दिवस, सहा महिने. फलकावर काही मिनिटे, मग खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, मग एका पायावर उभे राहणे. सहा महिन्यांनी वजन होते तेवढेच राहिले. हाडांची तपासणी केली; तीही होती तशीच. पण गणपतीच्या आरतीनंतर ती जमिनीवरून हात न टेकता उठली, तेव्हा आम्ही दोघे एकमेकांकडे पाहतच राहिलो! हा गुण फलकाचा की उठण्याबसण्याचा, असे मला विचाराल तर दोहोंची वाटणी मी करू शकत नाही. एवढे मात्र खरे की, दुखऱ्या गुडघ्यांनी ज्या व्यायामाची तिला धास्ती वाटे, त्याच्या दारापर्यंत तिला त्या फलकाने आणून सोडले.

मध्यम वयाचा एवढा बाऊ का करावा, असे कोणी म्हणेल. तिशीनंतर दर दशकाला स्नायूंचा सुमारे ३ ते ८ टक्के भाग कमी होत जातो, आणि साठीनंतर तो वेग वाढतो. त्यातून आपण भारतीय दिसावयास सडपातळ, पण आतून मेदवान. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली आपलेच छायाचित्र छापून हे जगाला दाखविले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! तेव्हा ‘माझे वजन बेताचे आहे’ या समाधानावर आपण विसंबू नये.

यासाठी दोन साध्या परीक्षा घरीच कराव्यात. हात छातीशी घडी करून खुर्चीवरून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येते ते मोजा. साठीच्या पुरुषाला १४ व स्त्रीला १२ पेक्षा कमी जमले, तर पाय अशक्त समजावेत; पन्नाशीत अर्थातच अधिक जमले पाहिजे. दुसरी, आधार न घेता एका पायावर १० सेकंद उभे राहून पाहा. मात्र शेजारी भिंत असू द्या.

फलक कोणी वापरू नये, तेही स्पष्ट सांगतो. गर्भवती स्त्रिया, हृदयात पेसमेकर बसविलेले, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, पायातील शिरेत रक्ताची गुठळी असलेले, अपस्माराचे रोगी, मूतखडे वा पित्तखडे असलेले, दृष्टिपटलाचा विकार असलेले, कृत्रिम सांधा बसविलेले आणि मणक्याची चकती सरकलेले, या सर्वांनी आपल्या डॉक्टरांच्या अनुमतीवाचून त्यावर पाय ठेवू नये. इतरांनीही गुडघे वाकवूनच उभे राहावे, हाताशी कठडा असावा, आणि आरंभ एकेका मिनिटाने करावा.

आता देणगीचा प्रश्न. माझे नम्र मत असे की, मंडळाने ती आभारपूर्वक स्वीकारावी, पण दोन अटींवर. पहिली अट, यंत्र जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच चालावे. दुसरी अट, फलकावर उतरणाऱ्या प्रत्येकाने त्याच सभागृहात आणखी वीस मिनिटे स्वतःच्या पायांनी व्यायाम करावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे. फलकाने त्यातला थोडा वाटा उचलला तरी पुष्कळ. सगळा वाटा तो उचलणार नाही.

आणि यासाठी आपणांस परक्या दाराशी जाण्याचे कारण नाही. औंधच्या राजेसाहेबांनी सूर्यनमस्कार घराघरांत नेले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ सालची. तेथील चमूने १९३६ साली बर्लिनला देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. मराठीतला दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश सिद्ध झाला तो बडोद्यात, म्हणजे आपल्यासारख्याच महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळींच्या हातून. घरापासून दूर राहणाऱ्याने शरीर कमावण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. खंड पडला आहे तो आपल्या आळसाने.

शार्कोंच्या खुर्चीकडे परत येतो म्हणालो होतो. न हलणाऱ्या खुर्चीतही रोग्यांना बरे वाटले, कारण कोणीतरी त्यांना नेमाने बोलावीत होते. आपली मुले दूर आहेत. भाऊबंद हजार-दीड हजार किलोमीटरवर आहेत. उद्या आपणांपैकी कोणी न्हाणीघरात पडले, तर हाक ऐकणारा शेजारी बंगाली असेल, बिहारी असेल. तो धावून येईलच, असा माझा अनुभव आहे. पण सकाळी सहा वाजता सभागृहात न आलेल्या माणसाची चौकशी करणारे कोणी असावे, हे काम मंडळाचे आहे. यंत्र ते करू शकत नाही.

येत्या सोमवारपासून सकाळी सहा वाजता मी आणि माझी पत्नी या सभागृहात येणार आहोत. फलक आला असेल तर उत्तम. नसेल तर खुर्च्या आहेतच. आपण यावे, आणि जो येणार नाही त्याच्या घरी जाऊन कडी वाजवावी.